खोडलेलं जातं कुठं?

स्वच्छ अक्षराला घाबरणारा मराठीचा प्राध्यापक पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला दोनदा आला. पहिल्यांदा मी त्यांची विद्यार्थिनी होते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ते माझे विद्यार्थी झाले तेव्हा. त्यांचं आडनाव सांगत नाही. कोल्हापुरात आडनाव सांगितलं की निम्मं गाव पावणं निघतं आणि उरलेलं निम्मं भांडायला येतं. आमच्या कॉलेजात त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. बाकीच्या सरांना पुढं नाव लावावं लागे, यांना लागत नसे. ते आजऱ्याकडचे. उंच, काटक, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला आणि पायात कापशी चप्पल. ही चप्पल अशी कर्र कर्र वाजायची की सर जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच वरच्या मजल्यावरची मुलं कट्ट्यावरून उठून वर्गात बसलेली असत. शांतपणे आलेला मास्तर चोरासारखा वाटतो, असं त्यांचं मत होतं.

सर दोन मराठी बोलत. वर्गाच्या उंबऱ्याच्या आत इतकी शुद्ध, की ‘कृपया आपण खिडकी लोटून घ्याल का?’ असं ऐकल्यावर मागच्या बाकावरचा पैलवान गडी आपल्यालाच म्हणतायत का हे बघायला मागं वळे. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात; वर्गात एखादी मुलगी ‘सर, मी आत येतो’ म्हणाली, की सर तिला दारातच थांबवून ‘येते’ असं तीनदा म्हणायला लावत. तास संपला, पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं, की त्याच मुलीला म्हणत, ‘काय गं, कालच्याला कुटं गेलतीस? तासाला दिसली न्हाईस ती?’ एकाच माणसाच्या तोंडात चौकटीच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक अशा दोन भाषा गुण्यागोविंदानं नांदत, आणि चौकटीवर नेमके उभे असले तर ते काही बोलतच नसत.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे खाडाखोड. निबंधाच्या तासाला ते पक्क्या वहीबरोबर कच्ची वही मागत. दहा गुणांपैकी पक्क्या वहीला चार आणि कच्चीला सहा. ‘पक्क्या वहीत माणसाचा इस्त्रीचा सदरा दिसतो,’ ते म्हणत, ‘कच्च्या वहीत माणूस दिसतो.’ कुणी एखाद्या शब्दावर काट मारून दुसरा लिहिला असेल, तोही खोडून तिसरा लिहिला असेल, की सर वही डोळ्यांजवळ नेऊन पहिला शब्द काय होता ते शोधत आणि मुरलेलं लोणचं मिळाल्यासारखे खूष होत. मी पडले टापटिपीची. निबंध समास सोडून, मुद्दे अधोरेखित करून लिहिलेला. पहिल्याच वर्षी त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, ‘कच्ची वही कुठे आहे?’ मी मानेला झटका देऊन म्हटलं, ‘सर, माझं पहिल्यांदाच बरोबर येतं.’ सर शांतपणे म्हणाले, ‘मग ते तुझं नसणार.’ दहापैकी चार. घरी जाऊन मी रडले, आणि मग बसून त्याच स्वच्छ निबंधावरून एक खोटी कच्ची वही तयार केली. सरांनी ती उलटसुलट करून पाहिली. ‘खाडाखोडसुद्धा पट्टीनं केलेली आहे,’ म्हणाले आणि चाराचे साडेचार केले. हे साडेचार मी अजून विसरलेले नाही.

गावभर त्यांचं लाल पेन फिरे. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, त्यात ‘अगत्याचे’ऐवजी ‘आगत्याचे’ छापलं गेलं होतं. दुसरा कुणी प्रेसवाल्याशी भांडला असता. सरांनी सगळ्या पत्रिका पुढ्यात घेतल्या आणि एकेकीवर लाल काट मारून हातानं दुरुस्ती केली. वरपक्ष थोडा नाराज झाला. सर म्हणाले, ‘पावणं, लोकं पत्रिका वाचत न्हाईत, नुसती तारीख बघत्यात. माझी सगळ्यांनी वाचली.’ कॉलेजसमोरच्या मिसळीच्या हॉटेलात ‘झणझणित’ असा बोर्ड होता, पहिल्या वेलांटीचा. सर एक दिवस बाकड्यावर चढले आणि ती दुसरी करून आले. मूळची वेलांटी त्यांनी पुसू दिली नाही, नुसती खोडली. मालकानं त्यांना मिसळीबरोबर कटाची एक वाटी जादा दिली, आणि तेव्हापासून ती वाटी त्यांना कायमच मिळत राहिली.

मी एम.ए. झाले आणि नोकरी नाही म्हणून सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. मग आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांनी भोगलं त्यांनाच कळेल. दर मार्चमध्ये आपण कॉलेजचे नसतो आणि दर जुलैमध्ये पुन्हा असतो. चार वर्षं मी प्राचार्यांना कायम करण्याबद्दल विचारत होते आणि चार वर्षं ते ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत होते. घरी माझ्या लग्नाचा विषय निघाला की पाहुणे ‘मुलगी कायम आहे का?’ असं विचारत, जणू काही मी अधूनमधून नाहीशी होते.

ते नव्वदचं दशक सरतानाचे दिवस. कॉलेजात दहा कॉम्प्युटर आले. त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पाणी मशिनवर उडू नये म्हणून तो नारळ शेजारच्या खोलीत फोडला. खोलीला पडदे, वातानुकूलन यंत्र, दाराबाहेर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी. थोड्याच दिवसांत कॉलेज तपासायला बाहेरगावची समिती यायची होती, आणि प्राचार्यांनी ठरवलं की भाषेच्या अकराही शिक्षकांनी लेखनाचा तास कॉम्प्युटरवर घ्यायचा. त्यांना शिकवणार मी. मला बोलावून ते म्हणाले, ‘अकराच्या अकरा जण तयार झाले, समितीपुढं एक तास नीट झाला, तर तुमचं याच वर्षी करतो. एक जरी राहिला तर मग... बघू.’ पुढचं त्यांना म्हणावंच लागलं नाही. अकरांमध्ये एक कोण राहणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

पहिल्या दिवशी दहा जण आले. पाच मिनिटांनी मी वळून पाहिलं तर सर शेवटच्या खुर्चीत बसलेले. चप्पल बाहेर काढल्यामुळं आल्याचं कळलंच नव्हतं; त्यांनाही ते अपमानास्पद वाटलं असावं. चप्पल बाहेर ठेवण्यावर विश्वास नसल्यानं ती त्यांनी पिशवीत घालून मांडीवर घेतली होती. मी घाबरत घाबरत सुरुवात केली. सर एकदम उठून उभे राहिले. मी म्हटलं, ‘सर, बसा की.’ ते म्हणाले, ‘बाई शिकवत असताना उत्तर द्यायचं झालं तर उभं राहायचं असतंय.’ झालं! तेव्हापासून त्या खोलीत मी ‘बाई’ झाले. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की पुन्हा ‘ए पोरी’. आणि त्या खोलीत आपण विद्यार्थी, म्हणून शुद्ध मराठीची जबाबदारी आपल्यावर नाही, असं ठरवून ते आत चक्क आजऱ्याची भाषा बोलत.

मी एक शब्द टाइप केला, पुसला, दुसरा केला. ‘बघा, किती सोपं. चुकलं की हे बॅकस्पेसचं बटण दाबायचं.’ दहा माना डोलल्या. अकरावी डोलली नाही.

‘बाई, पयला शबुद कुटं गेला?’

‘गेला सर. पुसला.’

‘पुसला ते दिसलं. पर खोडलेलं जातं कुटं?’

‘कुठंच जात नाही. म्हणजे... जातं. राहत नाही.’

‘मग ही पाटीच की!’ सर म्हणाले. ‘आनि हे तुमचं बटन म्हंजे थुंकी.’

त्या दिवसापासून कॉलेजात बॅकस्पेसला ‘थुंकीचं बटण’ हे नाव पडलं. हिंदीच्या मॅडम फार सोवळ्या होत्या, त्यांनी ते बटण वापरणंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी वेलांटी आडवी आली. त्या वेळचे मराठी फॉन्ट टाइपरायटरच्या चालीचे. इंग्रजी अक्षरांच्या बटणांवर मराठी अक्षरं बसवलेली, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची. सरांनी हात कीबोर्डवरून उचलले. ‘बत्तीस वर्सं पोरांस्नी सांगत आलो, आधी अक्षर, मग येलांटी. हे मशीन म्हनतंय आधी येलांटी. म्हंजे लग्नाआधी बारसं की हे!’ सगळे हसले. तिसऱ्या दिवशी मी ‘कट’ शिकवायला घेतलं, तर हॉटेलातली वाटी आठवून सगळ्यांना भूक लागली आणि तास तिथंच संपला. चौथ्या दिवशी सर आलेच नाहीत. पाचव्या दिवशीही नाहीत. प्राचार्यांनी मला व्हरांड्यात गाठून ‘अकरा ना?’ एवढंच विचारलं.

मी सरांना शोधत समोरच्या हॉटेलात गेले. ते जादा वाटीसमोर बसले होते. माझा तोल सुटला. म्हटलं, ‘सर, तुम्ही मला तेव्हाही साडेचार दिले आणि आत्ताही तेच चाललंय. तुमच्या एका हट्टापायी मी परत जुलैची वाट बघत बसू का? तुमची दोनच वर्षं राहिलीत, माझी सगळी जायची आहेत.’ बोलून गेले आणि मग जीभ चावली. सर रागावले नाहीत. त्यांनी पावाचा तुकडा वाटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

‘बस,’ म्हणाले. ‘चौथीत हुतो. घरात कागुद न्हाई, पेन्शील न्हाई, एक फुटकी पाटी. गुरुजींनी सांगितलं, आपल्या म्हशीवर पाच ओळी लिवा. मी लिवल्या. गुरुजी म्हनले, झ्याक. आयला वाचता येत न्हवतं, पर मला दावायचं हुतं, की बघ, ही तुजी म्हस हितं हाय. तवर गनिताचा तास लागला. पाटी एकच.’ त्यांनी अंगठा जिभेजवळ नेऊन हवेत पुसल्यासारखं केलं. ‘पुसली म्हस. सातवीत पयल्यांदा वही मिळाली. चुकलं म्हनून काट मारली, तर खालचं तसंच दिसालंय! लई नवल वाटलं बघ मला. तवापासनं म्या काय पुसलेलं न्हाय, आनि कुनाला पुसू दिलेलं न्हाय.’

इतकी वर्षं मी त्यांच्या त्या लाल रेघांची टिंगल केली होती, मैत्रिणींत त्यांची नक्कल केली होती. मालकानं मला न विचारताच मिसळ आणून ठेवली. ती खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही तिखटानं नव्हतं. त्या गडबडीतच मला कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं एक बटण आठवलं. कोर्स शिकवणाऱ्यांनी ‘हे काही लागत नाही’ म्हणून सोडून दिलेलं. अक्षरं निवडून ते दाबलं की त्यांच्या पोटातून आडवी रेघ जाते.

‘सर, चला,’ मी म्हटलं. ‘एक दाखवायचं राहिलंय.’

कॉम्प्युटरच्या खोलीत येताना त्यांनी पिशवीत चप्पल घातली आणि खुर्चीत बसले. मी ‘म्हैस’ टाइप केलं, निवडलं आणि बटण दाबलं. म्हशीतून रेघ गेली आणि म्हैस जागच्या जागी राहिली. सर वाकले, चष्मा वर केला, खाली केला. पडद्यावर बोट टेकवून ती रेघ खरी आहे का ते पाहिलं. मग माझ्याकडं वळून अतिशय खिन्न आवाजात म्हणाले, ‘बाई, हे पयल्या दिवशी का न्हाई दावलंसा? पाच दिस वाया घालवलं की माजं.’

त्यानंतर मात्र त्यांना आवरणं कठीण झालं. दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर दहाही कीबोर्डांवर थुंकीच्या बटणाला जखमेवर लावतात ती चिकटपट्टी डकवलेली. सर औषधाच्या दुकानातून रीळच घेऊन आले होते. इंग्रजीचे प्राध्यापक तक्रार घेऊन प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य तपासायला आले आणि पट्टी बघून ‘शॉक बसतो का?’ असं विचारून परत गेले. सरांनी अक्षरांचा तक्ता वहीत उतरवला आणि पाढ्यासारखा पाठ करायला घेतला. जिन्यात चप्पल कर्र कर्र आणि तोंडानं ‘डी म्हंजे क, जे म्हंजे र, के म्हंजे काना’. हॉटेलच्या मालकालाही तो निम्मा पाठ झाला. माझं टायपिंग बोटांना पाठ होतं. सरांचं डोळ्यांना आणि तोंडाला झालं. त्यांची बोटं मात्र शेवटपर्यंत कोंबडीनं दाणे टिपावेत तशीच चालत. एका मिनिटात चार शब्द, त्यांतले दोन खोडलेले.

शिक्षकांची परीक्षा मीच घेतली. प्राचार्यांच्या नावे एक पत्र, स्वतः रचलेलं, स्वतः टाइप केलेलं. दहा जणांनी दहा पत्रं दिली. सातांनी किरकोळ रजा मागितली होती, तिघांनी पंखा. सरांनी तीन दिवस घेतले, छपाईच्या वेळी मला खोलीबाहेर काढलं आणि बंद पाकीट हातात घेऊन आले. मी फोडायला लागले तर म्हणाले, ‘दुसऱ्याच्या नावचं पत्र हाय. तू कशी फोडतीस?’

‘अहो, पण मला तपासायचंय की! गुण कसे देऊ?’

‘विश्वासानं दे,’ सर म्हणाले आणि पाकीट घेऊन कर्र कर्र प्राचार्यांच्या खोलीत गेले. मी त्यांच्या नावापुढं ‘उत्तीर्ण’ लिहिलं खरं, पण रात्री झोप लागेना. हॉटेलात मी त्यांना नाही नाही ते बोलले होते. पाकिटात माझी तक्रार असणार, याबद्दल माझी खात्री पटत चालली होती.

समितीपुढं तास घ्यायला कुणीच पुढं येईना, म्हणून सर उभे राहिले. विषय दिला होता ‘आमच्या घरातली एक गोष्ट’. मुलांनी पंधरा दिवस खपून निबंध लिहिले, खोडले, फ्लॉप्यांवर ठेवले. फ्लॉप्या माझ्या कपाटात. आदल्या दिवशी कॉम्प्युटरला व्हायरस लागला म्हणून दुरुस्तीचा माणूस आला आणि त्यानं दहाही मशिनं आतून धुऊन पुसून, लखलखीत करून ठेवली. त्या धुण्यात मराठी फॉन्टही गेला, हे कुणालाच कळलं नाही. सकाळी समिती येऊन खुर्च्यांवर बसली, मुलांनी निबंध उघडले, आणि दहाच्या दहा पडद्यांवर इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम, टिंबं अशी खिचडी पसरली. फॉन्टची फ्लॉपी त्या माणसाच्या पिशवीत, आणि तो माणूस चंदगडच्या एसटीत. प्राचार्यांचा चेहरा खडूसारखा झाला. मला माझे सगळे जुलै एका रांगेत दिसायला लागले.

समितीचे अध्यक्ष परगावचे, गंभीर गृहस्थ. ते उठून पहिल्या पडद्यापाशी वाकले. ‘हे काय आहे?’

सर पडद्यापाशी गेले. मग अध्यक्षांना म्हणाले, ‘पावणं, जरा सरका. उजेड अडालाय.’

अध्यक्ष सरकले. आयुष्यात त्यांना कुणी असं सरकवलं नसावं. सरांनी चष्मा सारखा केला, आवाज सारखा केला, आणि वर्गातल्या त्या शुद्ध मराठीत, बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. ती खिचडी ते सरळ वाचत होते. निबंध शिरोळच्या एका मुलीचा होता. पुराच्या वर्षी घरात पाणी शिरलं आणि भिंतीवर रेघ उमटली, त्या रेघेचा. पाणी कुठवर आलं होतं, आजीला माळ्यावर कसं चढवलं, भाताचं पोतं आधी की टीव्ही आधी यावर आईवडील कंबरभर पाण्यात कसे भांडले. समितीतले दोघे हसले. सर शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले.

‘इथे लक्ष द्यावे,’ ते म्हणाले. ‘नंतर घराला रंग दिला, असे वाक्य आहे. पुढे, आय, क्यू, एल, वाय, एच. “बाबांनी ती रेघ पुसली.” हा शब्द खोडलेला आहे. त्यापुढे लिहिले आहे, “लपवली”. हाही खोडलेला आहे. आणि त्यापुढे, बी, एस, ओ, वाय, एच. “बाबांनी ती रेघ ठेवली.”’

ती मुलगी आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. सर तिच्याकडं वळून म्हणाले, ‘तू आधी “पुसली” लिहिलेस, कारण रंग दिला की रेघ पुसलीच जाते. मग तुला वाटले, ती आत आहेच, म्हणून “लपवली”. आणि मग तुला तुझे वडील कळले. हे तीन शब्द मला दिसले नसते, तर मला तू दिसली नसतीस.’ तेवढं बोलून ते बसले. मी माझ्या जागी उभी होते आणि माझ्या त्या पट्टीनं केलेल्या खाडाखोडीची मला मनापासून लाज वाटत होती.

समितीच्या अहवालात छापून आलं, की मराठी विभागानं संगणकासाठी स्वतःची संकेतलिपी विकसित केली असून ती अभ्यासण्याजोगी आहे. प्राचार्यांनी ते वाक्य चौकटीत बसवून खोलीत लावलं. सरांनी त्यातल्या ‘विकसीत’ची वेलांटी जाता जाता लाल पेनानं दुरुस्त केली, काचेवरूनच. आणि त्याच जुलैत मी कायम झाले. मला वाटलं, समितीमुळं झाले. सरांना पेढे द्यायला गेले, तर म्हणाले, ‘आता तरी कच्ची वही ठेवत जा.’ पाकिटाचं विचारायचा मला धीर झाला नाही, आणि पुढं मी ते पाकीट विसरूनही गेले.

सर निवृत्त होऊन आजऱ्याला गेले. बाजारात आजऱ्याच्या नव्या घनसाळ तांदळाचा वास यायला लागला की त्यांचं पत्र येई, हातानं लिहिलेलं, शब्दाशब्दाला काट मारलेलं. ‘प्रिय’ खोडून ‘चि.’, तेही खोडून ‘बाईंस’. मी उत्तर पाठवी ते कॉम्प्युटरवरून छापून, एकही चूक नसलेलं. दरवेळी मनात येई की एकदा निवांत, हातानं, जसं येईल तसं लिहावं. मग एका पावसाळ्याआधी त्यांच्या मुलीचा फोन आला, आणि ते उत्तर लिहायचं राहूनच गेलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सेवापुस्तक तपासायचं होतं म्हणून हेडक्लार्कनी माझी जुनी फाईल पुढ्यात टाकली. चाळताना मधेच एक कागद लागला. दोन्ही कडांना भोकं असलेला, जुन्या प्रिंटरवरचा, अक्षरं फिकट झालेली. प्राचार्यांच्या नावे होता. मी वाचायला लागले.

‘आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम करणारी ही मुलगी’ इथपर्यंत लिहून ‘मुलगी’तून रेघ गेली होती. पुढं ‘माझी विद्यार्थिनी’, त्यातूनही रेघ. पुढं ‘माझी सहकारी’, रेघ. मग लिहिलं होतं, ‘या माझ्या बाई आहेत.’ खालच्या ओळीत ‘यांनी मला कॉम्प्युटर शिकवला’ हे खोडलेलं, आणि पुढं, ‘यांनी माझी पाटी पुसू दिली नाही.’ शेवटी, ‘त्यांना पुढच्या वर्षी’, त्यातल्या ‘पुढच्या वर्षी’तून मात्र छापील रेघेवर पुन्हा हातानं ओढलेली लाल रेघ, आणि पुढं, ‘याच वर्षी कायम करावे.’ सगळ्यात खाली टीप होती: ‘स्वच्छ प्रत मागू नये. हीच प्रत.’ कोपऱ्यात प्राचार्यांच्या अक्षरात ‘मान्य’, आणि तारीख समिती येण्याच्या आठवडाभर आधीची.

हेडक्लार्कनी विचारलं, ‘काय हो मॅडम, काय घोळ हाय का कागदात? लई खाडाखोड दिसतीय.’

मी म्हटलं, ‘न्हाई. बरोबर हाय.’ कितीतरी वेळ मी त्या कागदावरून बोट फिरवत राहिले. मुलगी, विद्यार्थिनी, सहकारी, तिन्ही शब्द स्पष्ट वाचता येत होते. पहिल्या दिवशी उभं राहून त्यांनी मला विचारलं होतं, खोडलेलं जातं कुठं म्हणून, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. इथंच होतं, सर. माझ्याच फाईलीत.